मरत्या सेलांवर भरलेलं गाणं

गाण्याचं नाव मी सांगणार नाही. रागावू नका. नाव सांगितलं की तुम्ही हा अंक पालथा टाकाल, फोनवर गाणं लावाल आणि म्हणाल, हात्तिच्या, हे होय! आणि ते हे गाणं नसेलच. सगळं घोडं तिथेच पेंड खातं. एवढं सांगते की जुन्या हिंदी सिनेमातलं नाचाचं गाणं आहे. गुळगुळीत फरशीचं हॉटेल, आधी बोंगो, मग ट्रम्पेट, मग बाईचा आवाज. साठी ओलांडलेल्या निम्म्या वाचकांनी त्यावर कधीतरी पाय हलवले असतील आणि उरलेल्या निम्म्यांनी दार लावून हलवले असतील.

दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या संपादकीणबाईंनी या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. एका सरकारी कचेरीच्या टेप विभागात मी उभी हयात काढली. बढत्या बेताच्या, बदल्या नाहीतच. एक खोली, एक खुर्ची, समोर रिळांची कपाटं. त्या खुर्चीवर मी बसले किती, हा वेगळा प्रश्न. माझ्या पायाला भिंगरी आहे. एक टेप लागलेली असताना मी दुसरी पुसायची, तिसरी शोधायला कपाटावर चढायची. रिटायर झाल्यावर मयूर विहारच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत दोन जुनी मशिनं आणि एक कम्प्युटर मांडला आणि तेच काम घरी सुरू केलं. आमचे हे म्हणतात, "रिटायर मी झालो. तू फक्त ऑफिस घरी आणलंस." खरं आहे. स्वस्थ बसले तर मला ताप येतो.

काम काय करते ते आधी सांगते, कारण आमच्या सोसायटीत अर्ध्या लोकांना वाटतं की मी टीव्ही दुरुस्त करते. कॅसेटमध्ये एक तपकिरी फीत असते. तिच्यावर गंजासारखी बारीक भुकटी चिकटवलेली असते आणि आवाज त्या भुकटीत असतो. वर्षं गेली की भुकटी झडते, फीत आवळते, बुरशी धरते. मी ती साफ करते, तुटली असेल तर जोडते, एकदाच नीट वाजवून घेते आणि कम्प्युटरवर उतरवून देते. बस्स. लोक मात्र कॅसेटबरोबर काय काय घेऊन येतात. एक गृहस्थ घरच्या गणपतीच्या आरतीची कॅसेट घेऊन आले. वडील गेले होते, त्यांचा आवाज हवा होता. म्हणाले, मागे कोणीतरी भयंकर बेसूर ओरडतोय, तेवढा काढून टाका. मी काढायला बसले आणि बेसूर निघाले ते वडीलच. आता हे कसं सांगायचं? तांत्रिक अडचण आहे म्हणाले आणि आरती होती तशी परत दिली.

दुसरी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण पुढचा घोळ तिथून सुरू होतो. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून एक बाई आल्या, साताऱ्याकडच्या. मुलगा फौजेत, नवराही फौजेत होता. नवरा लडाखला असताना घरी फोन नव्हता. मग जवान कॅसेटवर बोलायचे आणि सुट्टीवर निघालेल्या सोबत्याच्या हाती ती कॅसेट गावी धाडायचे. ही त्यातलीच एक. नवरा आता हयात नव्हता. कॅसेट लावली की चिमणीसारखी किचकिच ऐकू यायची. नातवंडं हसायची आणि बाई उठून आत जायच्या.

कारण सोपं होतं. थंडीत सेल लवकर मरतात. सेल मरायला टेकले की टेपरेकॉर्डरची मोटर मंदावते आणि फीत सावकाश सरकते. अशा सावकाश सरकलेल्या फितीवर भरलेला आवाज पुढे चांगल्या मशिनवर, नीट वेगाने लावला की पळायला लागतो. लय चढते आणि पट्टीही चढते. धिप्पाड माणसाची चिमणी होते. मी वेग हळूहळू उतरवत गेले. आवाज जड होत होत एका जागी येऊन टेकला आणि बाईंनी माझं मनगट धरलं. "थांबा ताई," त्या म्हणाल्या. "ह्ये आमचं मालक."

मी पण रडले त्या दिवशी, लाजायचं काय त्यात. पण त्याबरोबर मला थोडा माज आला. चुकलेला वेग कानावर पडला की तो सरळ करायचा, हा माझा धर्म होऊन बसला. कान म्हणणार चढलंय, की हात उतरवणार. मध्ये डोकं नाहीच.

शरयू दाभाडेंचा फोन आला तेव्हा डिसेंबर सरत आला होता. मंडळातून माझं नाव मिळालं म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेल्या बाई, राहायला गाझियाबादला वैशालीत. यजमान केंद्र सरकारात होते, त्यामुळे आयुष्य सगळं आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेलं. एक गाणं हवं होतं. मी म्हटलं, गाणी काय हल्ली कुठेही मिळतात. त्या म्हणाल्या, "मिळतात. पण ती चालत नाहीत." मला वाटलं फाइल उघडत नसेल. गेले.

दाभाडेसाहेब खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, स्वेटरवर मफलर, भांग अगदी रेघेत पाडलेला. त्यांना पार्किन्सन होता. हात थरथरतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्या आजारात पाय गोठतात हे मला त्या दिवशी कळलं. माणूस उभा राहतो, निघायचं ठरवतो आणि पाय जमिनीला चिकटलेले. उंबरा आला की चिकटले, बोळ अरुंद झाला की चिकटले. त्यांचे डॉक्टर म्हणाले होते की ठेक्यावर काहींचे पाय सुटतात, संगीत लावून बघा. शरयूताईंनी सगळं लावलं. लेझीम लावली, फौजी बँड लावला, भजनं तर झालीच. साहेब जागचे हलले नाहीत. मग एकदा माळा आवरताना जुना टेपरेकॉर्डर आणि त्याच्यातच अडकलेली एक कॅसेट सापडली. चालतो का बघू म्हणून लावली, तर साहेब उठून स्वयंपाकघरापर्यंत चालत आले आणि विचारायला लागले, चहा झाला का. तेव्हापासून रोज सकाळी ते गाणं लागायचं आणि ते पलंगापासून बोळातून बाथरूमपर्यंत एकटे जायचे, एकटे यायचे.

आणि मग टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली. शरयूताईंनी घाबरून ओढली, ती तुटली. उरलेली फीत त्यांनी मला कोथिंबिरीच्या पिशवीतून दिली.

कॅसेट गेल्यापासून त्याच त्यांना धरून नेत होत्या. त्यांची स्वतःची कंबर गेलेली. एकदा दोघं बोळात पडले. पुण्याहून मुलाने फोनवर एजन्सी गाठून अटेंडंट ठरवला होता, एक फेब्रुवारीपासून दिवसरात्र. मुलाचं काय चुकलं? काही नाही. साहेबही तेच म्हणाले, फार सभ्यपणे. "माणूस चांगलाच असेल हो. पण बाथरूमला मी एकटा जाणारा माणूस आहे." एवढं बोलून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. शरयूताई चहा आणायला गेल्या.

चहा पिता पिता त्यांनी गाण्याची कथा सांगितली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आर. के. पुरमच्या कम्युनिटी हॉलमध्ये थर्टीफर्स्टची पार्टी होती. कोणाच्या तरी ग्रामोफोनवर ही रेकॉर्ड लागली आणि पंजाबी जोडपी झक्क नाचायला लागली. आपले दाभाडेसाहेब भिंतीला पाठ लावून उभे. कशीबशी दोन पावलं नाचले, पण जाताना हट्टाने ग्रामोफोनसमोर आपला टेपरेकॉर्डर धरून गाणं भरून घेतलं. मग वर्षभर संध्याकाळी क्वार्टरच्या खिडक्या लावून दोघांचा सराव. खालच्या मजल्यावरचे बंगालीबाबू काठीने छत ठोकायचे. "पार्टीत कसं आरामात झालं होतं," शरयूताई म्हणाल्या, "घरी मात्र मला धाप लागायची." मी म्हटलं, नवीन लग्न, धाप लागायचीच. साहेबसुद्धा हसले. चलो, बाई मोकळ्या बोलतात म्हणून मी खूश आणि चहा संपवून निघाले.

घरी येऊन फीत काचेखाली ठेवून सरळ केली. पुष्कळशी कुरतडून गेली होती. वाजण्यासारखे दोनच तुकडे निघाले, एक सुरुवातीचा आणि एक शेवटाकडचा. सुरुवातीच्या तुकड्यात बोंगो होते आणि ट्रम्पेट यायच्या आत एक बाई हसते, खळ्ळकन. झालं! माझ्या अंगात आलं. कारण फोनवर मिळणाऱ्या त्या गाण्यात ते हसू नाही. तीनचार प्रकार ऐकले. एकात मागाहून ढोलकं घातलेली, एकात मधलं कडवंच गायब, हसू कशातच नाही. म्हणजे साहेबांच्या कॅसेटवर जुन्या रेकॉर्डवरचं मुद्रण होतं आणि नवीन मुद्रणांवर त्यांचे पाय चालत नव्हते. सरळ हिशेब. ती रेकॉर्ड शोधायची.

तुकडे ऐकताना पट्टी चढलेली वाटली. म्हटलं ना, मध्ये डोकं नाहीच. दोन्ही तुकडे उतरवून सरळ केले आणि मूळ फीत पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. मूळ कधी टाकायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. त्याने मला वाचवलं.

मग सुरू झाली वणवण. जामा मशिदीजवळ जुन्या रेकॉर्डांची दुकानं आहेत, तिथे धुक्यात सकाळी जाऊन बसायची. दुकानदार म्हणायचा, आंटी, ये गाना तो मोबाइल में फ्री है. मी म्हणायची, हसी नहीं है उसमें. तो बिचारा माझ्याकडे बघत राहायचा. करोल बागेत एकाकडे होती म्हणून गेले, तर ती इतकी घासलेली की बोंगो कुठले आणि खरखर कुठली कळेना. एकाने चढ्या भावात गळ्यात मारली ती नंतरची आवृत्ती निघाली. मेट्रोत बसले की माझा गुडघा हलत राहायचा, शेजारची मुलगी उठून दुसरीकडे बसायची. घरी जेवताना मध्येच उठून मी कोणाला तरी फोन लावायची. आमचे हे मटार सोलत म्हणाले, "गाणं त्यांना चालायला हवंय ना? तूच का चालतेयस?" मला राग आला, कारण फेब्रुवारी जवळ येत होता आणि मला रोज सकाळी तो बोळ दिसत होता.

संक्रांतीच्या सुमारास मंडळाची बस दरवर्षीप्रमाणे पानिपतला काला अंबवर निघाली. मी जाणार नव्हते, पण घरात बसवेना. स्मारकापाशी फुलं वाहिली, घोषणा झाल्या, कोणीतरी पोवाडा म्हटला. महाराष्ट्रातूनही लोक आले होते. अशा गंभीर जागी नाचाच्या गाण्याची चौकशी करायची नसते हे मला कळतं. पण शेजारी एक निवृत्त सुभेदार बसले होते, ढमाले नावाचे, आणि त्यांनी नुसतं विचारलं, काय ताई, तब्येत बरी नाही का? मी सगळं ओकले. सुभेदार म्हणाले, पानिपतच्या बाजारात एक ब्लँकेटवाला लाला आहे. फौजेचे लोक त्याच्याकडून रजया घेतात आणि तो रजया दाखवताना जुन्या रेकॉर्डी वाजवतो. नाचाच्याच.

लोक जेवायला बसले आणि मी पिशवीतलं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन ई-रिक्षात. लालाच्या गोदामात ब्लँकेटचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले आणि मध्ये ग्रामोफोन. मी बोंगोचा ठेका टेबलावर वाजवून दाखवला, तोंडाने ट्रम्पेट वाजवलं. लालाने कपाटातून रेकॉर्ड काढली, पुसली, लावली. बोंगो. आणि बाई हसली. मी लगेच भाव विचारला.

विकायला तो तयार नव्हता. "बेचूँगा नहीं, बहनजी," तो म्हणाला, "सुनने का कोई टैक्स नहीं." मी तिथेच गाणं भरून घेतलं. गठ्ठ्यांमुळे गोदामात प्रतिध्वनी नव्हता, इतकं स्वच्छ मुद्रण मला स्टुडिओतही मिळालं नसतं. परत आले तर बस माझ्यासाठी खोळंबलेली. अध्यक्ष म्हणाले, पानिपतावर एकदा मराठ्यांची रसद वेळेवर आली नव्हती, आता बाई वेळेवर येत नाहीत. सगळी बस हसली. हसा म्हटलं. मी जिंकून आले होते.

माझं पानिपत झालं ते वैशालीत.

गाणं मी घासूनपुसून चकचकीत केलं होतं. दाभाड्यांकडे सकाळीच पोचले. साहेब पलंगापाशी उभे, शरयूताई मागे. मी गाणं लावलं. बोंगो वाजले, बाई हसली आणि साहेबांचा चेहरा असा फुलला की माझे डोळे भरून आले. ते ऐकत राहिले. ट्रम्पेट आलं, गेलं. कडवं आलं. ते उभेच. मान डोलत होती आणि पाय फरशीला चिकटलेले. शरयूताई मागून म्हणत होत्या, चला ना, अहो चला. गाणं पुढे पुढे जात होतं आणि मला ते बंद करायचा धीर होईना.

संपल्यावर ते हळूहळू म्हणाले, "ताई, फार मेहनत घेतलीत. गाणं तेच आहे. पण हे ऐकत उभं राहावंसं वाटतं."

मी परत लावलं. आवाज वाढवून लावलं. शरयूताईंनी त्यांचे हात धरले आणि स्वतः उलट्या पावलांनी नाचत त्यांना ओढायला बघितलं. नाही. शेवटी त्यांना खुर्चीत बसवून त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. "वय झालं त्यांचं, दुसरं काय," म्हणाल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "पण गंमत बघा, आत्ता नाचले तर मला धाप नाही लागली. तेव्हा पंचविशीत लागायची." मला तेव्हा काही ऐकू येत नव्हतं. मला तिथून पळायचं होतं.

वैशाली स्टेशनचा सरकता जिना बंद होता. मी रागाने भराभर पायऱ्या चढले आणि वर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चाललेली. कठड्याला धरून उभी राहिले. धाप लागायला वय लागत नाही, नवीन लग्नही लागत नाही. वेग लागतो. पार्टीत आरामात नाचलेल्या बाईला घरी त्याच गाण्यावर धाप लागते, म्हणजे घरचं गाणं पळत होतं. थर्टीफर्स्टची दिल्लीची थंडी आणि दाभाड्यांचा सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. सेल मरत होते! फौजी बाईंच्या कॅसेटसारखेच. त्या माणसाचे पाय वर्षभर चढलेल्या लयीवर शिकले होते, आणि मी बाई काय केलं? ती लय माझ्या हातात कोथिंबिरीच्या पिशवीतून आली होती. मी ती दुरुस्त केली आणि मग दुरुस्त लयीतल्या गाण्याचा शोध घेत पानिपतापर्यंत गेले. डोक्याला हात लावला.

घरी आल्या आल्या ड्रॉवर उघडून मूळ तुकडा लावला. उतरवल्याशिवाय. खोलीत काय झालं सांगू, आमचे हे दारातून आत आले आणि त्यांचा चपलेतला पाय ठेका धरायला लागला.

लालाकडचं गाणं तेवढंच चढवून दुसऱ्या दिवशी नेलं. कम्प्युटरवर हे एका बटणाचं काम आहे. साहेबांनी पाऊल उचललं. शरयूताईंनी तोंडावर हात घेतला. एक पाऊल, दुसरं, दार ओलांडलं, बोळात आले. आणि बोळाच्या मध्यावर, जिथे तो अरुंद होतो, तिथे थांबले. गाणं चालू, माणूस थांबलेला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मी म्हटलं उद्या येते. एक तारीख आठवड्यावर आली होती.

शेवटाकडचा तुकडा लावला तेव्हा उलगडा झाला. तो पहिल्यापेक्षाही चढलेला होता. सरळ करताना हाताने तो जास्त उतरवला असणार, डोक्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. होणारच! सेल गाणं भरता भरता मरत होते. जसजसे मरत गेले तसतसा वाजवतानाचा वेग वाढत गेला. बोळाच्या मध्यावर कॅसेट त्यांना पुढे ओढायची, माझं गाणं नुसतं बरोबर चालत होतं. तुम्ही म्हणाल, कम्प्युटरवर चढता वेग देता येतो. येतो, मी देऊन बघितला. पण सेल काही आखलेल्या रेघेत मरत नाहीत. तग धरतात, एकदम खचतात, परत जरा सावरतात. मला तो ठेका खोटा वाटत होता, आणि कानाला खोटं वाटलं तर ते पायांना कसं चालणार?

मग मी दाभाड्यांचा तोच कॅसेट खाणारा टेपरेकॉर्डर घरी आणला. त्याचा पट्टा बदलला, हेड पुसलं आणि ठरवलं की ज्या रीतीने झालं त्याच रीतीने करायचं. लालाकडचं गाणं स्पीकरवर लावायचं आणि समोर या म्हाताऱ्यावर भरायचं, मरत्या सेलांवर. फक्त त्यासाठी मरणारे सेल हवेत, आणि तेही मोठे, टॉर्चमध्ये असतात तसले.

ताजे सेल कुठेही मिळतात. मरायला टेकलेले विकत मिळत नाहीत. मी सोसायटीत दारोदार फिरले. आंटी, हमारे यहाँ तो सब चार्जिंग वाला है. कोणी रिमोटचे बारके सेल देऊ केले, एका बाईने मला कचऱ्याच्या नियमांबद्दल व्याख्यान दिलं. शेवटी गेटवरचा गार्ड दिसला, टॉर्च तळहातावर आपटत होता. मी त्याच्यापाशी धावले. तो वरमून म्हणाला, मॅडम, इसके सेल तो मर रहे हैं. मी म्हटलं, भैया, वही चाहिए. त्याला नवी जोडी आणून दिली आणि जुनी ओच्यात घालून आणल्यासारखी घरी आणली. मग बाकीच्या गेटांवरही गेले. गार्डांनी आपसात काय ठरवलं असेल देव जाणे, पण टॉर्च सगळ्यांच्या उजळल्या.

पहिल्या जोडीने कडव्यातच मान टाकली. दुसरी फारच चिवट निघाली, वेग हललाच नाही. मी कधी सेल हीटरजवळ धरायची, कधी बाल्कनीत थंडीत ठेवायची. दोन्ही मूळ तुकड्यांशी ताडून बघायची, हसू इथे या पट्टीत यायला हवं, शेवटचं ट्रम्पेट तिथे त्या पट्टीत. आमचे हे सगळं सोडून शेजारी येऊन बसले. सांगायला संकोच वाटतो, पण नोकरीतल्या सगळ्या वर्षांत मी आवाज बरोबर करत आले आणि त्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा मनापासून चूक भरत होते. मला त्याचं वाईटही वाटत होतं. इतकी वर्षं जे जे मी सरळ करून दिलं, त्यातलं काय काय कोणाला वाकडंच हवं होतं, हे आता कोणाला विचारू? आरतीवाले गृहस्थ तेवढे वाचले.

एका जोडीवर जमलं. हसू जागेवर, ट्रम्पेट जागेवर, आणि मध्ये ती बिचारी मोटर धडपडत मरत गेली तशीच्या तशी. ते मुद्रण घेऊन मी वैशालीला गेले तेव्हा जानेवारीचा शेवटचा दिवस होता. अटेंडंटची पिशवी आदल्या संध्याकाळीच एजन्सीचा माणूस ठेवून गेला होता, दाराशी होती. टॉवेल, हातमोजे, प्लॅस्टिकचं भांडं. साहेब पलंगाच्या कडेला बसले होते आणि त्या पिशवीकडे बघत नव्हते.

मी आधीच सांगून टाकलं की हा आजार पुढे जाणारा आहे, गाण्याने थांबत नाही, आणि हे आज चाललं तरी किती दिवस चालेल मला माहीत नाही. ते म्हणाले, "बिल्कुल. लावा."

लावलं. बोंगो उधळत आले. बाई हसली, जरा बारीक, जरा घाईत. साहेब उठले. मान डोलली नाही, चेहरा फुलला नाही, ते गाणं ऐकतच नव्हते. पाय निघाले होते. दार ओलांडलं. शरयूताई मागे, दोन्ही हात पुढे, स्पर्श न करता. बोळ आला, बोळाचा मध्य आला, तिथे गाणं थोडं पुढे झालं आणि तेही त्याच्यामागे पुढे झाले. बाथरूमचा उंबरा. पाय उचलला गेला, आत टेकला, दुसराही. शरयूताई सवयीने मागोमाग आत निघाल्या आणि त्यांच्या तोंडावर दार लागलं.

मग आतून कडी लागली.

कडी लावायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शरयूताईंनी दार ठोकायला हात वर केला. तसाच धरून ठेवला. मग खाली घेतला, पदराला पुसला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या,

"नलूताई, जरा मोठं करा."

मी मोठं केलं.